बिनआवाजाच्या गाडीचं रिझर्व

शिरपुरात रमजानभाईंचं बॅटरीचं दुकान शोधताना पाटी वाचायची गरज पडत नाही. शर्टाला जागोजागी बारीक भोकं असलेला माणूस दिसला की समजायचं, हेच ते. ॲसिडचा थेंब उडतो तेव्हा काही कळत नाही. शर्ट धुऊन वाळत घातला की मग उजेड आरपार दिसतो. त्यांच्या बायकोने, अमिनाबींनी, लग्नापासून एवढे शर्ट रफू केलेत की हल्ली नवा शर्ट घरात आला की त्या आधीच विचारतात, "याले कव्हय भोकं पाडशात?"

रमजानभाई धुळ्याला ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादाकडे शिकले. त्या उस्तादाची पहिली शिकवण अशी, की बॅटरी उचलून बघायची. जड असेल तर आत शिसं आहे, जीव आहे. हलकी असेल तर कुणीतरी फसवतंय. एवढ्या शिदोरीवर त्यांचा आख्खा संसार उभा राहिला. ट्रक, ट्रॅक्टर, लग्नातले बँडवाले, सगळ्यांच्या बॅटऱ्यांना पाणी पाजत त्यांचे केस पांढरे झाले.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक गिऱ्हाईक मात्र लाडकं होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी एक धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना आहे. बस खाली फाटकाशी थांबते आणि दवाखाना वर टेकाडावर. पाड्यांवरून आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो चढ चढवेना, म्हणून एका दानशूर माणसाने गोल्फच्या मैदानावर चालते तसली विजेची गाडी दिली. आता शिरपुरात गोल्फ कोण खेळतंय! लोकांनी तिला सरळ 'बिनआवाजाची गाडी' करून टाकलं.

ती चालवायचा बिजला. पायथ्याच्या पाड्यावरचा, पन्नाशी ओलांडलेला पावरा आदिवासी माणूस. मूठभर कोरडवाहू रान आणि मोहाच्या दिवसांत वेचणी, यातून उठून तो त्या सीटवर बसला होता आणि ती सीट त्याला सिंहासनापेक्षा कमी नव्हती. छताच्या दांडीला त्याचा निळा रुमाल बांधलेला असायचा. प्रत्येक फेरीआधी रुमाल सोडायचा, सीट पुसायची, परत बांधायचा. डोळ्याला पट्टी बांधलेली बाई पांढरं पातळ नेसून आलीय, तिला धूळ लागू नये, एवढाच त्याचा हिशेब. त्याच्या घरात गाडी चालवणारा तो पहिलाच.

दर गुरुवारी रमजानभाई पाण्याचा कॅन घेऊन जायचे. दोघे मिळून सीट उचलायचे, सहा थोराड बॅटऱ्यांची झाकणं उघडायचे, पाणी टाकायचे आणि मग निंबाखाली चहा. बोलणं फारसं नसायचं. दोघांनाही त्याची गरज नव्हती.

बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या तेव्हा दवाखान्याचे व्यवस्थापक ललितसर म्हणाले, "चाचा, आता लिथियम टाकू. कुठली घ्यायची ते तुम्हीच ठरवा. बाहेरच्या माणसावर माझा भरोसा नाही."

रमजानभाईंनी मनात हिशेब केला. लिथियमला पाणी लागत नाही, म्हणजे गुरुवारही गेला. पण 'तुम्हीच ठरवा' हे शब्द त्यांना इतके गोड लागले की ते दुसऱ्याच दिवशी जळगावची बस धरून गिरधरशेठच्या बॅटरीच्या दुकानी हजर.

गिरधरशेठने समोर बॅटरी ठेवली. रमजानभाईंनी सवयीने उचलली आणि तोंड वाकडं केलं. "शेठ, आत काही आहे का नुसतं खोकं?"

शेठ हसला. मग रमजानभाईंनी त्याला दुपारपर्यंत सोडलं नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात हिचं काय होईल? लिथियमच्या दोन जाती आहेत म्हणता, त्यातली पेट न घेणारी कुठली? भरल्या गाडीने चढ चढताना जो झटक्याचा करंट लागतो तो ही देईल, की मध्येच हात वर करील? जुना चार्जर चालेल का? नाही चालणार, तर नवा द्या. शेवटी त्यांनी उष्णतेला टिकणारी, एकच मोठी बॅटरी निवडली. निवड चोख होती. शेठनेही मान डोलावली.

एकच गोष्ट त्यांनी विचारली नाही, आणि ती शेठला विचारण्यासारखी नव्हतीच. ती बिजलाला विचारायला हवी होती.

सीटखाली नवी बॅटरी बसली तेव्हा निम्मी जागा रिकामीच राहिली. गाडी हलकी झाली, हरणासारखी पळायला लागली. बिजला खूश, ललितसर खूश, रमजानभाई तर जावई पसंत पडलेल्या सासऱ्यासारखे मिरवत होते. पुढच्या आठवड्यात मोठं शिबिर होतं, फेऱ्यांवर फेऱ्या. आणि निंबाजवळच्या ऐन चढावर, चार म्हाताऱ्या बसलेल्या असताना, गाडी दिवा विझावा तशी बंद पडली. बिजलाने ब्रेक दाबला, तरी गाडी हातभर मागे सरकली. म्हाताऱ्या किंचाळल्या. एकीचा गुडघा खरचटला.

रमजानभाई धावत गेले. काट्याच्या मीटरवर पाहिलं तर काटा जवळजवळ भरलेला! हा काटा शिशाच्या बॅटरीचा जुना, बिजलाच्या सवयीचा म्हणून त्यांनी तसाच ठेवलेला. लिथियमच्या विजेचा दाब शेवटपर्यंत ताठ राहतो, काट्याला वाटतं पोट भरलेलंच आहे.

"पयले गाडी थकनी का मन्हा कमरले समजे, रमजानभाऊ," बिजला म्हणाला.  "या निंबपाशी ती कण्हे. मंग मी समजू, आते दोन फेऱ्या, आनि चार्जिंगले लावनी. हाई ते कण्हतच नही. मस्त पयस, आनि एकदम मरी जास."

 रमजानभाई स्वतःही इतकी वर्षं बॅटरीचं कण्हणं ऐकूनच पोट भरत आले होते, आणि कण्हणं गेल्यावर माणसाने काय ऐकायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी काटा काढून आकडे दाखवणारं नवं मीटर बसवलं. ते खरं सांगायचं. पण उन्हात आकडे दिसत नसत, आणि बिजलाचं लक्ष मागे बसलेल्या माणसाचा तोल जातोय का, याकडे. काही दिवसांनी गाडी पुन्हा चढावरच थांबली. या वेळी कुणाला लागलं नाही, पण ललितसरांचा चेहरा पडला.

"नाना, माझा तुमच्यावर राग नाही," ते बिजलाला म्हणाले. "पण पेशंटला पुन्हा धोका नको. बॅटरीची माहिती मोबाइलवर दिसते. मोबाइल वापरणारा ड्रायव्हर ठेवावा लागेल. तुम्ही बागेचं काम बघा, पगार तोच राहील."

"मी रस्ता देखू का मोबाइल देखू?" बिजला एवढंच बोलला. त्याने दांडीवरचा रुमाल सोडला, घडी घातली आणि खांद्यावर टाकला. ललितसर चुकीचं बोलत नव्हते, म्हणून तर रमजानभाईंना भांडताही येईना. त्यांनी फक्त थोडे दिवस मागून घेतले. "तोवर हाच चालवील. चढावर पेशंट घेऊन गाडी अडकली, तर मग तुमचं खरं."

घरी निघाले तेव्हा मन खात होतं. गाडीत दोष नाही, बॅटरीत दोष नाही, बिजलात तर नाहीच. दोष आपल्या निवडीत. आपण बॅटरी गाडीसाठी निवडली, बिजलासाठी नाही निवडली. या विचारात असतानाच त्यांच्या जुन्या मोटरसायकलने दोन आचके दिले. रमजानभाईंचा डावा हात मांडीखाली गेला, पेट्रोलची चावी फिरली, रिझर्व लागलं, आणि गाडी पुढे निघाली. डोळे रस्त्यावरच होते. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि आपल्या हाताकडे पाहत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते परत जळगावला. या वेळी त्यांना छोटी बॅटरी हवी होती, मोठीच्याच दाबाची, रिकाम्या राहिलेल्या जागेत मावेल अशी, आणि एक दणकट फिरवायचा खटका. खटका एका बाजूला असला की मोठी चालेल, दुसऱ्या बाजूला फिरवला की छोटी. शेठ म्हणाला, "एवढ्यासाठी दुसरी बॅटरी? मोबाइल बघायला शिकवा ना त्याला." रमजानभाई म्हणाले, "शेठ, तो शिकेल. पण चढावर त्याचा हात पेशंटला धरायला मोकळा पाहिजे."

खटका कुठे लावायचा, हे या वेळी त्यांनी ठरवलं नाही. बिजलाला सीटवर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. "गाडी बंद पडनी. आते तुना हात कोठे जास?" बिजलाचा हात जिथे गेला, तिथेच खटका बसला. रिकामी गाडी पळवून दोघांनी तो तपासला. मोठी संपली की गाडी थांबायची, ब्रेक, खटका, की पुन्हा सुरू. चालली. पण बिजलाने रुमाल काही बांधला नाही. सीट पुसायचा आणि परत खांद्यावर टाकायचा.

अमिनाबींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच सुमारास आलं. पट्टी काढायच्या दिवशी दोघे शिरपूरहून बसने आले. शिबिराची गर्दी होती. बिजलाने सीट पुसली, अमिनाबींना हात धरून बसवलं, शेजारी रमजानभाई, मागे दोन पाड्यावरच्या बाया. वर पायऱ्यांवर ललितसर उभे होते.

निंबाजवळ गाडी थांबली.

कण्हली नाही, काही नाही. नुसती थांबली. रमजानभाईंच्या मनात आलं, आत्ता ही मागे सरकली तर बिजलाची सीट गेली, आणि ती आपणच घालवली. अमिनाबींनी अंदाजाने त्यांची बाही धरली. "काय व्हयनं? बंद पडनी का?"

"काही नही अक्का," बिजला म्हणाला. "रिझर्व लागनं." त्याचा पाय ब्रेकवर होता, डोळे मागच्या बायांवर होते, आणि हात केव्हाच खटका फिरवून परत आला होता. गाडी चढ चढू लागली. रमजानभाईंच्या लक्षात आलं, की आपलाही डावा हात मांडीखाली जाऊन काहीतरी चाचपतोय. त्यांनी तो गुपचूप वर घेतला.

ललितसर पायऱ्या उतरून आले. "थांबली होती ना?"

"थांबनी," बिजला म्हणाला. "मी चालू कयी. आते खाली जाईसन चार्जिंगले लावस."

ललितसरांनी खटक्याकडे पाहिलं, मागून हसत उतरणाऱ्या बायांकडे पाहिलं. "लावा," ते म्हणाले. "आणि नाना, उद्या जरा लवकर या. उद्याही शिबिर आहे."

अमिनाबींना दाराशी पोचवून रमजानभाई मागे वळले. गाडी उतारावरून खाली निघाली होती. बिजलाने निंबाच्या सावलीत ती थांबवली, खांद्यावरचा रुमाल काढला, रिकाम्या सीटवरून एकदा फिरवला आणि छताच्या दांडीला बांधला. गाठ घट्ट बसलीय का, ते त्याने दोनदा ओढून पाहिलं.