डोक्यावरची माती

महानंदा मॅडम गेल्या आणि रविवारचा कार्यक्रम माझ्या गळ्यात पडला.

माणूस गेल्याचं दुःख सोडून हा रविवारचं काय घेऊन बसलाय, असं वाटेल तुम्हाला. वाटू दे. मॅडमना चाललं असतं.

आज पहाटे, शुक्रवार पेठेतल्या घरी. हार्ट अटॅक. काल संध्याकाळीच फोनवर मला झापत होत्या की पोस्टरवर 'भूकंप' हा शब्द एवढा मोठा कशाला छापलास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅडम कॉलेजात जिऑलॉजी शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी, आता शाळेत भूगोल शिकवतो. रिटायर झाल्यावर त्यांनी आमचं भूविज्ञान मंडळ काढलं. मंडळ म्हणजे चार-पाच जण, एक जुनी जीप आणि पोतंभर दगड. गावोगावी जायचं आणि पायाखाली काय आहे ते लोकांना सांगायचं.

सध्या मंगळवेढ्याकडच्या एका गावात जमिनीतून आवाज येतायत. गावाचं नाव लिहीत नाही, आधीच यूट्यूबवाले तिथं माइक घेऊन फिरतायत. गुडगुड होते, मांडणीवरची भांडी वाजतात. लोक अंगणात झोपायला लागलेत.

मागच्या महिन्यात आम्ही तिथं गेलो होतो, या रविवारी पुन्हा जायचं ठरलंय. सगळ्या गावाला एकच वाक्य ऐकायचं होतं: काही होणार नाही.

मॅडमनी ते म्हटलं नाही.

आवाज कशामुळे येत असतील ते समजावलं, दगड दाखवले. मग सरळ सांगितलं, "उद्या भूकंप होईल का, हे मला माहीत नाही. जगात कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो तो थापा मारतो."

मी मुळातच घाबरट.

मग त्यांनी सरपंचांना पुढं बोलावलं, त्यांच्या डोक्यावर मातीनं भरलेली पाटी ठेवली आणि मुद्दाम भाषण लांबवलं. लोक हसायला लागले. सरपंचांची मान थरथरायला लागल्यावर मॅडम म्हणाल्या, तुमच्या भिंती वर्षानुवर्षं अशाच उभ्या आहेत, त्यांचं कोण ऐकणार?

त्या गावात जुनी माळवदाची घरं अजून बरीच आहेत. दगड-मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचा थर. गळू नये म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर नवी पांढरी माती टाकतात. जुनी मात्र कोणी काढत नाही. आजोबांची, बापाची, आपली, सगळी माती वरच. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की यंदा नवी टाकायच्या आधी जुनी उतरवा. जमीन हलली तरी माणूस जमिनीमुळे मरत नाही, छपरामुळे मरतो.

हे आप्पांना पटेना. आप्पा म्हणजे गावातला सगळ्यात हेकट म्हातारा. घरात दोन लहान नातवंडं.

"माझ्या आईनं टाकलेली माती हाय ती," आप्पा म्हणाले. "उतरवली आन् गळाया लागलं, तर तुमचं मंडळ येणार हाय का छत्री धराया?"

"येईल की," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. आप्पा सोडून.

येताना जीपमध्ये मी कुरकुर केली. म्हटलं, मॅडम, काही होणार नाही असं सांगून टाकायचं होतं, बिचारे झोपले तरी असते.

"झोपले असते," त्या म्हणाल्या. "पण कुठं? त्याच छपराखाली ना?"

तेव्हापासून मलाच झोप नाही. रात्री आमच्या वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली तरी उठून बसतो. आप्पांच्या त्या दोन नातवंडांची काळजी वाटते. मॅडम होत्या तोवर ही काळजी निम्मी होती.

आज दुपारी अंत्यविधी झाला. त्यांच्यात दहन करत नाहीत. खड्ड्यात बसवतात, विभूती, बेलाची पानं, मग एकेक जण मूठमाती देतो. माझी पाळी झाली, बाजूला झालो, तर मागं आप्पा उभे. एसटीनं आले होते. मॅडमची बातमी त्यांना सरपंचांनी सांगितली म्हणे.

हातात कापडाची पुरचुंडी. सोडली, त्यातली पांढरी माती खड्ड्यात टाकली आणि हात जोडले.

मी काहीतरी विचारणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "वरची हाय. कालपास्नं काढाया लागलोय. बाईस्नी रविवारी दावणार हुतो."

मला रडू आवरेना. कालच. मॅडम मला पोस्टरवरून झापत होत्या तेव्हा तिकडं आप्पा माळवदावर चढले होते, आणि हे मॅडमना कधीच कळणार नाही.

आप्पांनी मला रडू दिलं. मग आपल्या नेहमीच्या ढंगात विचारलं, "अर्धं माळवद उघडं पडलंय सर. पाऊस आला तर छत्री कोन धरनार?"

मी येतो म्हणालो.

बाकीची घरं अजून तशीच आहेत. सरपंचांचा आत्ताच मेसेज आला, संध्याकाळी पुन्हा आवाज झाला. रविवारी लोक मलाच विचारणार, सर, काही होणार नाही ना? आणि मला सगळ्यांसमोर 'माहीत नाही' म्हणायचंय. हे दोन शब्द मी आरशासमोर म्हणून बघितले. अवघड आहेत.

पोस्टरवरचा 'भूकंप' लहान केलाय मॅडम. पाटी सांगून ठेवलीय. आणि अंत्यविधीहून येताना बाजारात, मधल्या मारुतीपाशी थांबून मोठी काळी छत्री घेतली.

तुम्ही आता निवांत बसा. नमस्कार.