तिची मूठ मिटली त्या दिवशी

नांदेडच्या दवाखान्यात आम्हा दोघींची ओळख झाली ती रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत असताना. मी कळमनुरीची, शाळेत क्लार्क. ती शिरड शहापूरजवळच्या एका गावची, घरी मेंढ्या आणि थोडं शेत. दोघींनाही संधिवात. माझा सहा वर्षांचा, तिचा दोन. तिनं माझ्या बोटांकडं बघितलं आणि विचारलं, "सकाळी चहाचा कप धरता येतो का तुमाला?"

"दोन्ही हातांनी," मी म्हटलं.

"मलाबी तसंच."

सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सगळे विचारायचे, "आता कसंय?" आणि उत्तर ऐकायच्या आत चपला घालायचे.

मग आम्ही तारखा जुळवून घ्यायला लागलो. महिन्यातून एकदा त्या बाकावर शेजारी बसायचं, तिनं आणलेलं पिठलं खायचं. शाळेत सलवारच्या नाडीची गाठ सुटत नाही म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नव्हते. हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. ती म्हणाली, "इलास्टिक लावून घ्या, ताई. त्यात लाज कशाची?" मी त्याच आठवड्यात लावून घेतलं.

आठ-नऊ महिने असे गेले. एकदा ती डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली ती हात पुढं धरूनच. डॉक्टर दर वेळी मूठ मिटायला लावायचे. माझी मधली दोन बोटं ताठ राहायची, तिचीही राहायची. त्या दिवशी तिनं माझ्यासमोर मूठ मिटली. पूर्ण. उघडली आणि परत मिटली.

"परवा भाकऱ्या थापल्या मी," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

त्याच पिवळ्या गोळ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या. तेच डॉक्टर. मी त्या सहा वर्षं खात आले होते. मी म्हटलं, "छान झालं." आणि पुढं म्हटलं, "पण जपा. माझंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. नंतर दुप्पट होऊन परत आलं."

हे साफ खोटं होतं. आजार आल्यापासून माझी मूठ एक दिवसही मिटलेली नाही.

तिनं हात हळूच पदराखाली घेतला. आणि मला बरं वाटलं. बसमध्ये बसले, अर्धापूर मागं पडलं, तरी बरं वाटत होतं. घरी पोचल्यावर मात्र स्वतःचीच किळस आली. पण ती किळस आली म्हणून हेवा काही गेला नाही. उलट पसरला. डब्याचं झाकण एका झटक्यात फिरवणाऱ्या नवऱ्याचा हेवा. बाजारात उकिडवं बसून कोथिंबीर विकणाऱ्या म्हाताऱ्याचा हेवा. तो म्हातारा गिऱ्हाईक आलं की गुडघ्याला हात न लावता उठायचा.

पुढची तारीख मी चुकवली. शाळेत रजा टाकली. भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले. नवरा माझ्या गुडघ्याला तेल लावायचा, विचारायचा, "जास्त दुखतंय का?" मी हो म्हणायचे, पण खरं तर दुखणं होतं तेवढंच होतं. केस धुवावेत, कुणाशी बोलावं, असं काही वाटायचं थांबलं होतं. रडूही येत नव्हतं. सकाळी जागच आली नाही तर बरं होईल असं मनात यायचं, आणि त्याची भीतीही वाटायची नाही. तिचे फोन यायचे. मी उचलत नव्हते.

एका बाजाराच्या दिवशी ती शाळेत पत्ता विचारून घरी आली. नवऱ्यानं चहा केला. तिनं कप एका हातानं उचलला. मी त्या हाताकडंच बघत होते.

"मी त्या दिवशी खोटं बोलले," मी म्हटलं. "माझं कधीच बरं झालेलं नव्हतं."

"काहून बोलल्या मग?"

"तुमची मूठ बघवली नाही मला."

तिनं कप खाली ठेवला. "दोन महिने मी मेंढ्यांमागं गेले न्हाई. भाकरीला हात लावला न्हाई. परत दुखंल म्हणून भीत भीत काढले. लई वाईट केलं तुमी."

मला माफीसुद्धा मागवेना. एवढंच निघालं, "मला उठावंसंच वाटत नाही हो."

ती माझ्या गुंतलेल्या केसांकडं बघत राहिली. मग रागातच म्हणाली, "हे सांध्याचं न्हाई. माझ्या नणंदेला बाळंतपणानंतर असंच झालतं. डॉक्टरला सांगितलं का हे?"

"नाही."

"मग काय सांगता तिथं जाऊन?"

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता. दुसऱ्याच दिवशी तो मला नांदेडला घेऊन गेला. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, सकाळी जाग येऊ नये असं वाटतं, तेही. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारले आणि म्हणाले, "लांबलेल्या दुखण्यात हे बऱ्याच जणांना होतं. त्याचं औषध वेगळं आहे." त्यांनी लगेच मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. महिना-दीड महिना काही फरक कळला नाही. मग एका रविवारी मी आपण होऊन पाणी तापवलं आणि केस धुतले. खांदे दुखले, तरी धुतले. पुढच्या महिन्यात शाळेत रुजू झाले.

दुखणं आहे तिथंच आहे. तिला आता तीन महिन्यांतून एकदाच यावं लागतं. जमेल तेव्हा आम्ही अजूनही तारखा जुळवतो, पण ती मला ताई म्हणत नाही, मॅडम म्हणते. मागच्या वेळी सांगत होती, मेंढ्या घेऊन दिवसभर माळावर हिंडून आली म्हणून. मी ऐकलं आणि म्हटलं, "मला अजूनही तुमचा हेवा वाटतो."

ती नळाकडं जायला उठली आणि म्हणाली, "तुमची बाटली द्या. भरून आणते."

मी बाटली दिली.