टाकलेलं नाव

मला अजून कॉलेजचं स्वप्न पडतं. परीक्षेचं नाही, ती स्वप्नं हुशार लोकांना पडत असावीत. माझ्या स्वप्नात काहीच घडत नाही. दुपार असते, वर पत्रा तापलेला असतो, सर कुठल्यातरी तहाबद्दल बोलत असतात आणि उन्हाच्या तिरिपेतून कापसाचे बारीक तंतू हळूहळू खाली येत असतात. येत राहतात, पण जमिनीला टेकत नाहीत. मी दारात उभी असते. खिडकीजवळच्या बाकावर माझी मैत्रीण बसलेली असते आणि तिच्या शेजारी बाकावर तिचा रुमाल पसरलेला असतो. म्हणजे ती जागा माझी. मी तिथवर पोचायच्या आत जाग येते, आणि इकडे जालन्यात एमआयडीसीकडे निघालेल्या पहिल्या पाळीच्या मोटरसायकलींचा आवाज सुरू झालेला असतो.

कापूस मात्र स्वप्नातला नाही. तालुक्याच्या गावचं आमचं सरकारी कला महाविद्यालय तेव्हा बंद पडलेल्या एका जिनिंगमध्ये भरायचं. सरकी काढायची यंत्रं कधीच उचलून नेली होती, कापूस तेवढा मागे राहिला होता. पत्र्याच्या जोडांत, लोखंडी अँगलवर, भिंतींच्या फटींत. वारा सुटला की तो वर्गात उतरायचा आणि आमच्या वेण्यांना चिकटायचा. घरी गेलं की आई विचारायची, शिकून आलीस का वेचून आलीस? जिनिंगच्या मारवाडी शेठजींनी जागा सरकारला भाड्याने दिली होती, स्वतःच्या मुली मात्र पुण्याला पाठवल्या होत्या. त्यात त्यांचं काही चुकलं असं आम्हालाही वाटलं नाही.

कारण तिथे कोण यायचं? सायन्सला जागा न मिळालेले, पोलीस भरतीत धावताना मागे पडलेले, आणि लग्न ठरेपर्यंत घरी बसून काय करणार म्हणून पाठवलेल्या आम्ही मुली. ‘पोरानं आर्ट्स घेतलं’ हे लोक ‘पोराला कावीळ झाली’ म्हटल्यासारखं सांगायचे. ऐकणाराही तसाच चेहरा करायचा.

आमच्याकडे तेव्हा कुणी प्रवेश घेत नसे. नाव टाकत. ‘पोरीचं नाव टाकलं का?’ ‘टाकलं की जिनिंगला.’ आम्ही कांद्याचं रोप टाकतो, दुधाला विरजण टाकतो, तसंच नाव टाकतो. नवऱ्याने बायकोला सोडून दिलं तरी ‘टाकली’ म्हणतो, पण ते तेव्हा मनात आलं नाही. नाव टाकायला काही लागत नसे. खिडकीशी जायचं, नाव सांगायचं, झालं. नाही म्हणणारं तिथे कुणी नव्हतंच, आणि म्हणूनच त्या कॉलेजला कुणी किंमत देत नव्हतं.

मैत्रीण आमच्याच गल्लीतली. आम्ही दोघींनी एकाच दिवशी नाव टाकलं. तीर्थपुरीच्या स्टँडवरून रोज एसटीने जायचो आणि जागा धरायचं काम तिचं. गाडी थांबायच्या आधीच ती धावत जाऊन खिडकीतून रुमाल आत टाकायची. तिचा नेम कधी चुकला नाही. मग आम्ही निवांत मागून चढायचो. तोवर गाडी खच्चून भरलेली असली तरी रुमाल टाकलेली सीट रिकामी असायची, आणि चुकून कुणी बसलेलं असलं तर त्याची काही खैर नसायची. ‘रुमाल दिसत न्हाई का?’ एवढंच ती म्हणायची. मोठमोठे फेटेवाले उठून उभे राहायचे.

पहिलं वर्ष पास झाली आणि तिचं लग्न माझ्याच भावाशी ठरलं. मैत्रीण घरात येणार म्हणून मी हरखून गेले होते. तेव्हापासून चारचौघांत वहिनी, दोघीच असलो की तू. हळद लागलेल्या हातांनी तिने मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, माझं नाव राहू दे तिकडं, मी येते नंतर. मी बरं म्हणाले. कुणाच्याही लग्नात कुणीही काहीही बोलतं.

पुढची दोन वर्षं मी एकटी जात राहिले. शेजारच्या जागेवर मी दप्तर ठेवायची. मला पदवी मिळाली, मग जालना मिळालं, सळईच्या मिलमध्ये सुपरवायझर असलेला नवरा मिळाला. तिला शेत मिळालं, दोन लेकरं मिळाली, आणि शेवटची काही वर्षं माझ्या आईचं अंथरूण. ते तिने जसं केलं तसं मी पोटची लेक असून केलं नसतं. कुणी पाहुण्याबाईने सहज विचारलं की शिक्षण किती, तर वहिनी सांगायची, माझं नाव टाकलेलं हाये कॉलेजला. बायका हसायच्या. मीही हसायची. मला तो विनोद वाटायचा.

मधल्या काळात कॉलेजला काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. तहांबद्दल बोलणारे आमचे सर म्हणे पहाटेच येऊन एक खोली उघडून बसू लागले. घरी करमत नसेल. चार पोरं तिथे अभ्यासाला बसायला लागली. त्यांतला एक फौजदार झाला आणि चौकात त्याचा फ्लेक्स लागला. मग परतूरकडची एक मुलगी त्याहून मोठी साहेब झाली, तिचा त्याहून मोठा फ्लेक्स लागला. तपासणीची समिती आली आणि वरचा शेरा देऊन गेली. गावाबाहेर गायरानावर नवी इमारत उठली. ज्यांना इंजिनिअरिंग सहज मिळालं असतं अशी पोरं स्पर्धा परीक्षेसाठी म्हणून आर्ट्स घ्यायला लागली, आणि ती आमच्याच कॉलेजात यायला लागली. जागा तेवढ्याच राहिल्या. मग यादी लागायला लागली. शेठजींच्या नातीचं नाव पहिल्या यादीत नव्हतं तेव्हा दुसरी लागेपर्यंत ते आपल्या दुकानात कुणाशी धड बोलले नाहीत, असं भाऊ सांगायचा. आता लोक विचारतात, ‘नाव लागलं का?’ टाकलं का असं कुणी विचारत नाही.

माझी पदवी तर लग्नातल्या भांड्यांबरोबर माळ्यावर पडून होती. ती वर बसल्या बसल्याच मोठी झाली. पूर्वी कॉलनीतल्या बायकांनी विचारलं की मी ‘तिकडंच, गावाकडं’ म्हणून विषय बदलायची. आता कॉलेजचं नाव पूर्ण घेते, ‘सरकारी’वर जोर देऊन. कुणीतरी भुवया उंचावतं, आणि मी काहीच न केल्याचा अभिमान मला वाटतो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतं.

या उन्हाळ्याच्या शेवटी मी माहेरी गेले होते. आई जाऊन वर्ष झालं होतं, भाचीचं लग्न झालं होतं, भाचा पुण्याला नोकरीला लागला होता. सकाळी वहिनीने नवं लुगडं काढलं, माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, जल्दी आवर, कॉलेजात जायचंय. तिला आता पुढचं वर्ष करायचं होतं. भावाला तिने आधीच सांगितलं होतं. तो मोबाईलमधून मान वर न करता जा की म्हणाला होता. मी तिला समजवायला हवं होतं, पण तिने पिशवीत भाकरीबरोबर दोन पेनं ठेवलेली मला दिसली. मी चप्पल घातली.

नव्या इमारतीत कापूस नव्हता. फरशी इतकी स्वच्छ होती की वहिनीने चपला काढायला सुरुवात केली. मी तिचा हात धरला. खिडकीशी मुलामुलींची रांग होती, गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे, हातात मोबाईल. आमचा नंबर आल्यावर खिडकीतल्या तरुण बाईंनी विचारलं, काकू, मुलीचं नाव कितव्या यादीत लागलंय?

“मुलीचं न्हाई, माझं,” वहिनी म्हणाली. “अन् लागलेलं न्हाई. टाकलेलं हाये. जिनिंगमधी असताना.”

मागे दोनचार पोरं हसली. वाईट नाही हसली, पण हसली. आणि तिथे, इतक्या वर्षांनी, माझ्या डोक्यात उजेड पडला की वहिनीने कधी विनोद केलाच नव्हता. तिच्या लेखी नाव टाकणं म्हणजे रुमाल टाकणं होतं. एकदा टाकला की तुम्ही खाली चहा प्या, उसाचा रस प्या, संसार करा, जागा तुमची. मागून सावकाश चढायचं.

त्या बाई शहाण्या होत्या, त्यांनी नीट समजावून सांगितलं. तेव्हाचा अभ्यासक्रम आता राहिला नाही, तेव्हाचं पहिलं वर्ष आता धरता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि पहिल्या वर्षाची शेवटची यादी ज्या टक्क्यांवर थांबली ते वहिनीच्या बारावीच्या टक्क्यांपासून फार लांब होते.

“मंग नव्यानं टाका नाव,” वहिनी म्हणाली.

“आता टाकता येत नाही काकू. लागावं लागतं.”

माझं डोकं फिरलं. मी त्या बिचारीला बरंच काही ऐकवलं. आमच्यासारख्यांनी नावं टाकली म्हणून हे कॉलेज बंद पडलं नाही, आम्ही कापूस गिळत बसलो म्हणून आज ही फरशी आहे, असं काय काय. बरोबर आहे मॅडम, एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं की मुक्त विद्यापीठाचं केंद्र रविवारी इथेच चालतं, याच खोल्यांमधून, आणि त्याला यादी नसते. रविवारी पोरी असतात का, वहिनीने विचारलं. जास्त करून तुमच्यासारखेच मोठे लोक असतात, त्या म्हणाल्या. वहिनी खिडकीपासून बाजूला झाली.

आवारातल्या लिंबाखाली आम्ही भाकरी सोडली. लिंबाची सावली हलत होती, कुठल्यातरी वर्गातून शिकवल्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आपण अजून आत आहोत आणि तास संपायचाय असं मला वाटत होतं. वहिनीने ठेच्याला हात लावला नव्हता. ती रांगेकडे बघत होती.

“हे जिनिंगमधीच राह्यलं असतं तर बरं झालं असतं,” ती म्हणाली.

मी का म्हणून विचारलं.

“इतकी वर्षं मनाला सांगत आल्ते, सोडलं तर सोडलं, काय मोठं व्हतं तिथं. कापूसच तर व्हता. आता ही लाइन बघून कळून राह्यलं, काय सोडलं ते.”

कॉलेज मोठं झालं तसं आमच्या दोघींचंही काहीतरी मोठं होत गेलं होतं. माझी पदवी आणि तिचं सोडलेलं. मी जालन्यात बसून मिरवत होते तेव्हा ती इथे प्रत्येक फ्लेक्स वाचत होती. मला इतकं वाईट आईच्या वेळीही वाटलं नव्हतं.

स्टँडवर परतीच्या गाडीला ही गर्दी. जांबला दर्शनाला निघालेली माणसं, बाजार करून आलेल्या बाया, कॉलेजची पोरं. गाडी वळताना वहिनी सवयीने धावली आणि तिने खिडकीतून रुमाल टाकला. नेम अजून तसाच होता. पण आम्ही रेटून वर चढलो तर सीटवर एक मुलगी बसलेली, गळ्यात कॉलेजचा पट्टा, रुमाल तिच्या हातात. मी वहिनीकडे बघितलं. ती वरचा दांडा धरून उभी राहिली. तिच्या भांडणाची मला आजवर भीती वाटायची. त्या दिवशी ती भांडली नाही याची वाटली.

मुलीच्याच लक्षात आलं. काकू रुमाल तुमचा का, म्हणून ती उठायला लागली. वहिनीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि पट्ट्याकडे बोट करून विचारलं, कोणतं कॉलेज? मुलीने पूर्ण नाव सांगितलं. माझ्यासारखाच ‘सरकारी’वर जोर होता.

“माझं बी तेच,” वहिनी म्हणाली.

मुलगी खुलली. आपलं नाव दुसऱ्या यादीत लागलं, घरच्यांनी पेढे वाटले, असं सांगून तिने विचारलं, “तुमचं कितव्या यादीत लागलं होतं काकू?”

“लागलं नव्हतं. टाकलं व्हतं.”

ते तिला कळलं नाही. ती समजल्यासारखं हसली आणि म्हणाली, “मंग बीए कधी झालं तुमचं?”

गाडी सुरू झाली होती. वहिनीने तिच्या हातातून रुमाल घेतला, झटकला आणि त्याची घडी घातली.

“अजून न्हाई,” ती म्हणाली. “रविवारचं येऊन राह्यले मी. सरक जराशी, तिघी बराबर बसतो.”