दस्तगीर मिस्त्री आणि ठिबकणारी फटफटी

देवापुढे हात जोडले की घरच्या माणसांबरोबर मी दस्तगीर मिस्त्रीचंही नाव घेते. सुनेला याचं नवल वाटतं. वाटो. त्याच्या हातच्या फटफटीवर बसून माझा नवरा वर्षानुवर्षं खेडोपाडी गेला आणि धड घरी आला. एकदाच काय तो मोडून आला, आणि मला सांगायचंय ते त्याच वेळचं.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली शेवटची वर्षं ती. आमचे हे डॉक्टर. यांचं नाव नृसिंह, पण घरात गर्जना करायची ती मीच. महायुद्ध संपल्यावर एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, त्याची जुनी फटफटी यांनी घेतली. तिला ना चेन, ना पट्टा. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत लोखंडी दांडा, आणि चाकाजवळ एक बंद डबी. त्या डबीत दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरायची. कोल्हापुरात तसली दुसरी गाडी मी तरी पाहिली नाही, त्यामुळे बिघडली की विचारायचं कुणाला, हा प्रश्नच होता.

दस्तगीरला विचारलं. शाहूपुरीत गुळाच्या अडतींच्या मागे त्याचं दुकान होतं, आणि दुकानामागेच घर. ऊस गाळायचे लोखंडी चरक आणि तेलावर चालणारी इंजिनं तो दुरुस्त करायचा. फटफटीची डबी त्यानं पहिल्यांदा उघडली तेव्हा त्यालाही तिच्यातलं काही कळत नव्हतं, आणि तसं त्यानं सांगितलं. मग शिकत गेला. इंजिनाचं तेल घालून बघितलं. ते तापून पाण्यासारखं व्हायचं आणि दात कोरडे पडायचे. बैलगाडीचं वंगण घातलं, तर ते डबीच्या भिंतींना चिकटून बसलं. शेवटी एरंडेल जमलं. तेही खालचं चाक अर्धं बुडेल इतकंच. दांडा जिथं डबीत शिरतो तिथं त्यानं मेणात भिजवलेली चामड्याची चकती बसवली, आणि गाडी सुरळीत चालू लागली.

पण काही महिन्यांनी डबी ठिबकायला लागली. दस्तगीरनं चकती बदलली. पुन्हा ठिबकली. त्यानं जाड चामडं आणलं, दांडा घासून गुळगुळीत केला, तरी चाकाखाली तेलाचं थारोळं ठरलेलंच. मी यांना म्हणायची, "त्या मिस्त्रीच्या नादी लागू नका, गाडी पुण्याला पाठवा." हे नुसते हसायचे.

आणि एक दिवस पेठ वडगावचा बाजार करून, म्हणजे तिथले रोगी तपासून, हे परत येत होते. पंचगंगेच्या अलीकडच्या उतारावर पुढ्यात उसाची गाडी आली. यांनी ब्रेक दाबला, पण मागचं चाक तेलानं माखलेलं. गाडी घसरली आणि यांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं.

बातमी गावभर झाली. दस्तगीरच्या हाताखालून गेलेली गाडी डॉक्टरांना घेऊन पडली, एवढंच जो तो बोलू लागला. लोकांनी दुकानातली आपापली इंजिनं उचलून नेली. बापानं उभं केलेलं दुकान आता बंद पडणार, असं त्याची बायको चाँदबी मला रडत सांगून गेली.

पुढचंही तिच्याकडूनच कळलं. मोडकी गाडी दुकानात आणल्यावर दस्तगीरनं डबी उघडली. ती काठोकाठ भरलेली होती. आतलं तेल पिवळं आणि डिंकासारखं चिकट. डबीच्या डोक्यावर गरम हवा बाहेर जायला बारीक भोक असतं, तेही त्या चिकट्यानं बुजलेलं. मग वाट मिळेल तिथून तेल बाहेर पडणारच. दस्तगीरनं वास घेतला. करडईचं तेल, त्याच्याच घरातलं. त्यानं आईकडे, सुलतानबीकडे बघितलं.

"ठिबकत हुती की रं!" म्हातारी म्हणाली. "चरक ठिबकला की तुझा बा पळत जाऊन तेल घालायचा. तू नुसतं चामडं कापत बसलास. गाडी उपाशी ऱ्हायली आसती, म्हनून तू दुरुस्त करून ठिवलीस की झाकान काढून मी घालत हुते."

गुऱ्हाळावरची रीतच तशी. चरकाचे दात उघडे असतात. तेल गळालं की ओतायचं. म्हातारीला बंद डबी कुठली ठाऊक? मानमोडीच्या तापाच्या साथीत यांनी तिच्या नातीच्या उशाशी बसून तिला वाचवलं होतं. ते उपकार ती असे पळी-पळीनं फेडत होती.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर आमच्या दारात आला. हे गळ्यात हात बांधून बसले होते, मी शेजारीच. तो खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टरसाब, तेल मीच जास्ती घातलं. माजी चूक हाय. गाडी पुण्याला धाडा."

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "दस्तगीर, तुला खोटं बोलता येत नाही. सुलतानबींना तेल ओतताना मी पाहिलंय. ओतून झालं की डबीवर हात फिरवायच्या आणि बोटं डोळ्यांना लावायच्या. मला नको म्हणवलं नाही. तेव्हा चूक असेल तर ती माझी."

दस्तगीर उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी दोघांनाही झाडलं. म्हटलं, एकानं तोंड उघडायचं नाही आणि दुसऱ्यानं भलतंच उघडायचं, मधल्यामधे हाड मोडायचं! पण चहा टाकताना माझेही डोळे भरून आले होते.

दस्तगीरनं डबी रॉकेलनं धुतली, भोक मोकळं केलं, नवी चकती बसवली आणि बेतानं एरंडेल घातलं. डबीचं झाकण त्यानं पक्कं आवळलं. वरच्या बाजूला एक पितळी वाटी बसवली, तिला झाकण होतं, पण आत जायला भोक नव्हतं. ती त्याच्या अम्मासाठी, तिला हवं तेवढं तेल ओतायला. गाडी तयार झाली तेव्हा यांचा हात अजून गळ्यातच होता. तरी हे मागे बसले, दस्तगीरला चालवायला लावलं आणि भर बाजारातून हळूहळू फेरी मारून आले. महिनाभरात दुकानासमोर पुन्हा इंजिनांची रांग लागली.

पुढे एकदा मी चाँदबीकडे गेले होते. गाडी दारात उभी होती, खाली तेलाचा थेंब नाही. सुलतानबी पितळी वाटीत तेल ओतत होती, अगदी काठापर्यंत. मला बघून जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "वैनीसाब, कुनाला सांगू नगा. डॉक्टर पडल्यापासनं मी पळीभर जास्तीच घालती. पुन्ना पडाय नगंत."

मी तिचे दोन्ही तेलकट हात धरले. म्हटलं, "घाला, अम्मा. भरपूर घाला."