डबी साहेबांची, काच वैनींची

सांगलीच्या वैनींना राग आला की त्या डोळ्यांवरचा चष्मा काढून गल्ल्यावर ठेवायच्या. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस म्हणजे नुसता धुरकट ठिपका दिसायचा, आणि त्यांना तेच पाहिजे असायचं. "आता मला तुमचं तोंड दिसत न्हाई भावजी. आता बोला काय बोलायचं ते," म्हणायच्या. मग तशाच चाचपत खोकी काढायच्या, फ्रेमा मोजायच्या, सुतळीनं बांधून पुढं ढकलायच्या. राग आला म्हणून कुणाचा माल अडवला, असं त्यांनी कधी केलं नाही. तोंड तेवढं बघायच्या नाहीत.

मागच्या महिन्यात वैनी पुण्यात मुलाच्या घरी वारल्या. आम्हा चष्मेवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर दिवसभर पणत्या आणि जोडलेले हात येत होते. एकानं लिहिलं, 'शांत आणि सोशिक व्यक्तिमत्त्व हरपले.' ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. वैनी शांत नव्हत्या आणि सोशिक तर मुळीच नव्हत्या. ज्यांनी त्यांना सोसायला लावलं, तेच आता हात जोडून बसलेत. म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. नात म्हणाली, आजोबा, मी नीट करून देते. मी कागदाला हात लावू दिला नाही. राग माझा आहे, तो माझ्याच अक्षरात राहू दे.

वैनींचे मालक, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सांगलीत फ्रेमा आणि काचांचा होलसेल धंदा करायचे. मी माण तालुक्यातल्या एका बाजारगावातला दुकानदार. एसटीनं सांगलीला जायचं, दादांकडून माल घ्यायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत. पुढं दादांना अर्धांगाचा झटका आला आणि वैनी गल्ल्यावर येऊन बसल्या. तेव्हा आमच्यातलेच काही शहाणे म्हणाले, आता दुकानात फ्रेमा कमी आणि लोणच्याच्या बरण्या जास्त दिसतील. वैनींच्या कानावर ते गेलं. पुढच्या खेपेला ते शहाणे आले तर वैनींनी खरंच लोणच्याची बरणी काउंटरवर आणून ठेवली. "आधी ही चाखा, मग माल बघा. दोन्हीत खोट निघाली तर परत घीन."

दुकानाच्या शेजारी हळदीचं गोदाम होतं. तिकडं पोती हलली की इकडं फ्रेमांवर पिवळी धूळ बसायची. वैनी दिवसभर हातात फडकं घेऊन पुसत असायच्या. एखादी फ्रेम बरेच दिवस खपली नाही की ती माझ्यापुढं धरायच्या. "हिला हळद लागून लय दिस झालं भावजी. तुमच्या माणात बघा एखादं स्थळ." असं हसत हसत न खपणारा माल माझ्या गळ्यात मारायच्या. मीही घ्यायचो. स्थळ सापडलं नाही तर दिवाळीनंतर फ्रेम परत न्यायचो, तेव्हा म्हणायच्या, "आली का माघारी? ऱ्हाऊ दे. पोरीत खोट न्हाई, तुमीच दम काढला न्हाई."

दुसऱ्या होलसेलवाल्याकडं गेलं की तो विचारायचा, किती देऊ? वैनी विचारायच्या, कुणाला घालणार? एकदा मी एकाच जातीच्या फ्रेमांची चार खोकी मागितली. त्यांनी दिलीच नाहीत. "माल न्यायला आलाय, का तोंडं सांगायला आलाय? कोण घालनार ते सांगा." मी म्हटलं, आवं वैनी, मेंढरंवाले, शेतकरी, एखादा मास्तर. त्यावर म्हणाल्या, "मेंढरंवाला पटका बांधतो. ही वाकडी काडी पटक्यात घुसंल का? कानामागं टोचंल. चार दिसांत चष्मा खिशात जाईल आन् शिव्या तुमाला बसतील. त्यांला सरळ काडी न्या." घरी येऊन बघितलं, बाईचं खरं होतं. त्या दिवसापासून मी सांगलीला जाताना गिऱ्हाइकांची नाकं-कान डोक्यात घेऊन जाऊ लागलो. मला राग यायचा. म्हटलं, मी पैसे देणारा, आणि परीक्षा माझीच!

आता जे झालं ते सांगतो.

आमच्या भागातल्या साहेबांचा वाढदिवस होता. नाव लिहीत नाही, आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे आणि बाहेरच्यांच्याही गावात असा एक साहेब असतोच. कार्यकर्त्यांनी ठरवलं, मोफत चष्मे वाटायचे. जवळचं बघायचे तयार चष्मे, डबीवर साहेबांचा हात जोडलेला फोटो. बुलेटवरून फिरणारा एक पोरगा या सगळ्याचा म्होरक्या होता. तो मला घेऊन सांगलीला आला. वैनींचा धंदा तेव्हा बसत चालला होता. मोबाइलवर बटण दाबलं की दुकानदारांना घरपोच माल मिळायला लागला होता. गोदामाचं भाडंही अंगावर यायला लागलं होतं. ही एवढी ऑर्डर म्हणजे वर्षाची बेगमी.

बुलेटवाला म्हणाला, "सगळे दोन नंबरचे द्या."

वैनींनी चष्म्यातून त्याच्याकडं बघितलं. "का रं बाबा, तुमच्या गावातली समदी म्हातारी एकाच दिशी जन्मली काय?"

तो हसला, पण वैनींनी पुढं घातलेली अट ऐकून त्याचं हसणं थांबलं. त्या म्हणाल्या, माल नंबरानुसार वेगवेगळ्या खोक्यांत येईल. प्रत्येक नंबरच्या काडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला असेल. ज्याला वाचता येतं त्याला कागद द्या, येत नाही त्याला सुई-दोरा द्या. ज्या चष्म्यातून सुई ओवली जाईल तो त्याचा. आणि प्रत्येकाला सांगा, चालताना हा काढायचा. "एवढं करनार असशील तर माल देते. न्हाईतर बाहेर बाजार मोठा हाय."

त्यानं "व्हय व्हय" केलं. वैनींनी कामाला बायका लावून एकेका काडीला दोरा बांधून घेतला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

वाढदिवसाला मांडव पडला. खोकी आली. फोटोवाला म्हणाला, एवढ्याशा खोक्यांत काय दिसणार? झालं. पोरांनी सगळी खोकी ताडपत्रीवर उलटी केली. चष्म्यांचा ढीग झाला, छातीएवढा. सगळे नंबर एकात एक. दोरे एकमेकांत गुंतले ते ओढून तोडले. साहेब ढिगामागं उभे राहिले, हात जोडले, फोटो झाला. मी ओरडलो, "अरं, रंग बघून द्या रं! सुई कुठाय?" तर बुलेटवाला म्हणतो, "आजोबा, बाजूला व्हा, फोटोत येताय." मग हाताला येईल तो चष्मा आणि पुढं येईल तो माणूस. ज्याला एक लागत होता त्याला तीन. ज्याला काहीच लागत नव्हता त्यानंही घेतला, फुकट आहे म्हणून. चालताना काढा, हे कुणी कुणाला सांगितलं नाही.

आठवडाभरात गावात अर्धी माणसं डोकं धरून बसली. आमच्या वाडीची सोनाक्का तोच चष्मा घालून देवळाच्या पायऱ्या उतरत होती. पायरी होती तिथं तिला दिसली नाही, दिसली तिथं नव्हती. मनगट मोडलं. आता लोक विचारायला लागले. तेव्हा या बुलेटवाल्यानं चौकात, चार माणसांत सांगितलं, "साहेबांनी मनापासून दिलं हो, पण सांगलीच्या बाईनं माल डुप्लिकेट दिला."

माझ्या कानावर हे आलं आणि मी तिथंच वैनींना फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील, शिव्या देतील. पलीकडून खोकी सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बाजार कवा हाय तुमचा?"

बाजारच्या दिवशी पहिल्या गाडीनं वैनी आल्या. सोबत खोकी, पुन्हा दोरे बांधलेली. एवढी वर्षं मी सांगलीला गेलो, वैनी आमच्या गावात पहिल्यांदा येत होत्या. माझ्या दुकानात बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. बाहेर, रस्त्यालगत पोतं टाकून बसल्या. पुढं सुया, दोऱ्याचं रीळ आणि एका ताटात खडे कालवलेली बाजरी. मी गावभर सांगत फिरलो, चुकीचा चष्मा आणा, बरोबर न्या.

आधी बायका आल्या, मग गडी. एक पटकेवाले तात्या सुई बघून बिचकले. "बाई, सुई-दोरा काय आमी करायचं काम हाय व्हय?"

"मग बाजरीतलं खडं येचा," वैनी म्हणाल्या.

"ते बी बायकांचंच."

"तात्या, मेंढरं मोजताय न्हवं? ह्या ताटात धा मेंढरं चुकून शिरल्यात. काढा भाईर."

सगळे हसले. तात्यांनी तीन चष्मे बदलले, चौथ्यानं खडे अचूक निवडले. वैनींनी सरळ काडीचा तसलाच चष्मा पटक्यात सरकवून दिला आणि खडसावलं, "मेंढरांमागं जाताना काढायचा. पडला तर मी पुन्यांदा येनार न्हाई."

दुपारी बुलेट आली. मागं आणखी दोघे. "मावशी, साहेबांची बदनामी करायला बसलाय का हितं?"

माझा पारा चढला. मी पुढं झालो तर वैनींनी मला हातानंच मागं सारलं. चष्मा काढतील असं मला वाटलं होतं. काढला नाही. उलट पदरानं पुसून पुन्हा नीट बसवला आणि त्या पोराकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "डबी तुमच्या सायबाची हाय," त्या म्हणाल्या, "काच माझी हाय. मी काच बदलतीया. डबी पायजे आसंल तर घिऊन जा."

आणि एकेक रिकामी डबी, फोटोची बाजू वर करून, त्याच्या पायाशी मांडायला लागल्या. बाजार हसायला लागला. पोरगं बुलेटला लाथ मारून गेलं. दिवस मावळेपर्यंत वैनी बसून होत्या. सोनाक्काला पोरगा घेऊन आला, तिला तर चष्म्याची गरजच नव्हती.

हे हसणं वैनींना महागात पडलं. साहेबांनी स्वतः काही केलं नसेल, मला माहीत नाही. पण तालुक्या-तालुक्यातल्या दुकानदारांना फोन गेले, सांगलीच्या त्या बाईचा माल ठेवू नका. आणि दुकानदारांनी ऐकलं! ज्यांना वैनींनी उधारीवर उभं केलं, ज्यांची न खपलेली फ्रेम दर दिवाळीला परत घेतली, त्यांनी! एक जण तोंडावर म्हणाला, "वैनी, आमाला हितं ऱ्हायचंय." म्हणजे वैनींना कुठं राहायचं नव्हतं का? तुम्ही हे वाचत असाल तर वाचा. पणती लावणारे तुम्हीच.

गोदाम मोकळं करायचं ठरलं तेव्हा मी सांगलीला गेलो. एक भंगारातला दलाल सगळा माल वजनावर न्यायला आला होता. वैनी एकेक खोकं उचलून त्याला सांगत होत्या, "ह्या सरळ काड्या पटकेवाल्यांच्या. ह्या रुंद नाकाच्या. ह्या शाळंतल्या पोरींच्या, वेणीत अडकत न्हाईत." दलाल म्हणाला, "बाई, मी किलोवर घेतोय. मला काय करायचंय नाकाशी?" तेव्हा मात्र वैनींनी चष्मा काढला. शेवटचं खोकं काट्यावर चढेपर्यंत घातला नाही.

मी म्हटलं, वैनी, असं गप बसून पुण्याला मुलाकडं निघू नका, भांडू. पत्रकार बोलवू. त्या म्हणाल्या, "माझं भांडान बाजारात झालं भावजी. ज्यांचं डोळं बिघडलं हुतं त्यांलाच मी उत्तर दिलं. आता तुमी तुमचं दुकान सांभाळा." मला त्यांचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. बाईनं भांडायला पाहिजे होतं. माझ्या दुकानाची काळजी मी केली असती.

त्या वारल्याचं कळलं त्या आठवड्यात मी रंगाऱ्याला बोलावलं. दुकानाच्या शटरवर, पांढऱ्यावर काळं, ठसठशीत लिहून घेतलं, 'सांगलीच्या वैनींचा माल खरा होता. इथे बसून त्यांनी गावाचे चष्मे बदलून दिले.' रंगारी म्हणाला, आजोबा, गिऱ्हाईक येणार नाही. म्हटलं, तू अक्षर सरळ काढ.

साहेबांचा वाढदिवस आता जवळ आलाय. बुलेटवाला, तो आता पदाधिकारी झालाय, परवा दुकानापुढं थांबून शटर मोजून गेला. साहेबांचा फ्लेक्स त्या अक्षरांवरच टांगणार, दिसतंय. खुशाल टांगा. बाजारात निम्म्या माणसांना वाचता येत नाही, त्यांना मी दर बाजारी तसंही मोठ्यानं वाचूनच दाखवतो. आणि वाचायला मला पाटी लागत नाही.