वाऱ्याकडे तोंड करून

आमच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळी माणसं कॅमेऱ्याकडे बघतायत आणि एक डोकं तेवढं मागून दिसतं. ते माझ्या सासऱ्यांचं. फोटोग्राफरनं परोपरीनं विनवलं, पण वारा नेमका समुद्राकडून येत होता आणि वाऱ्याकडे पाठ करायची मामंजींची तयारी नव्हती. मालवणात त्यांना सगळे सारंग म्हणत. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. मालवाहू बोटींवर त्यांनी उभा जन्म काढला होता. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा हाताखाली खलाशी उरले नाहीत, त्यामुळे तो सगळा अंमल सासूबाईंवर आणि दोन म्हशींवर सुरू झाला. म्हशी ऐकत नसत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा विजय जमिनीतल्या गरम पाण्याचा अभ्यास करायचा. कोकणातले झरे पालथे घालून झाल्यावर त्याला दोन वर्षांसाठी आइसलँडला जायची शिष्यवृत्ती मिळाली. आमची सई तेव्हा पाच महिन्यांची. तिथे मला मासळीच्या कारखान्यात अर्ध्या दिवसाचं काम मिळणार होतं. म्हणजे मालवणची सून इतका प्रवास करून मासेच साफ करणार होती. सईला सांभाळायला आम्ही सासूबाईंना गळ घातली. त्यांनी तांदूळ निवडता निवडता उत्तर दिलं.

"माज्या म्हशींका कोण बघतलो? तुमी ह्येंका घेवन जावा. हंय दिवसभर नुसते हुकूम सोडतत."

मामंजी ओटीवर बसून ऐकत होते. त्यांना तान्ह्या मुलाचा अनुभव काय, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांची तिन्ही मुलं ते समुद्रावर असताना जन्मली आणि ते समुद्रावर असतानाच चालायला लागली. एकदा ते बऱ्याच काळानं घरी आले तेव्हा चार वर्षांचा विजय घरापुढच्या खळ्यात खेळत होता. त्यानं बापाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आत ओरडून सांगितलं, "आये, पावणे इले, च्याय ठेव." ही हकिकत मामंजी स्वतःच सांगत आणि शेवटी म्हणत, "मगे काय करतलंय? गप च्याय प्यालंय." ऐकणारे हसत. मामंजी हसत नसत.

त्या दिवशी सईकडे बोट करून ते एवढंच म्हणाले, "मी येतंय. ह्या चेडवान माका पावणो म्हणूक नये, एवडाच."

आम्ही उतरलो ते बंदराचं एक लहानसं गाव होतं. मामंजींना त्याचं कौतुक नव्हतं. त्याहून थंड बंदरं त्यांनी पाहिली होती. "हंयचो सूर्य सरकारी नोकरीत आसा," ते म्हणाले. "अकराक येता, तीनाक जाता." तिथले लोक वाळवलेला मासा लोणी लावून खातात. तो त्यांनी बराच वेळ चावला आणि मत दिलं, "सुकवलेलो बरो आसा. मीठ घालूक इसारले." नळाला जमिनीतलं उकळतं पाणी यायचं, त्याला कुजक्या अंड्यांचा वास. त्यावर ते काही बोलले नाहीत, कारण ते पाणी म्हणजे मुलाची नोकरी होती.

गाठ पडली ती झोपेशी. सई घरात झोपेना. गरम पाण्याचे नळ भिंतीभिंतीतून फिरवलेले, खोली तापलेली, आणि पोर रडून लाल. वरच्या मजल्यावर आमची घरमालकीण गुद्रून राहायची. ती एक दिवस खाली आली, सईला लोकरीत गुंडाळलं, बाबागाडीत घातलं आणि गाडी बाहेर बर्फात नेऊन ठेवली. मग दार लावून घेऊन माझ्यासाठी कॉफी ओतू लागली.

मामंजींनी खिडकीतून पाहिलं आणि मला विचारलं, "चेडवान काय केल्यान?"

शिक्षा नाही, इथे सगळी बाळं अशीच बाहेर झोपवतात, असं मी त्यांना सांगितलं. खरं तर माझाही जीव खालीवर होत होता. तोवर रडणं थांबलं होतं. सई जी झोपली ती दोन तास उठली नाही. मामंजींनी ओव्हरकोट चढवला. "निजांदे भायर. पण वॉच माजो." वॉच म्हणजे बोटीवरची पहाऱ्याची पाळी, आणि ती त्यांनी पुढे दोन्ही हिवाळे दुसऱ्या कुणाला दिली नाही.

ते बाबागाडीसमोर उभे राहत, पण गाडीकडे पाठ करून. वारा जिकडून येईल तिकडे तोंड आणि मागे गाडी. वारा फिरला की ते फिरत आणि गाडीही फिरवत. मी एकदा म्हटलं, मामंजी, अधूनमधून मुलीकडे तरी बघा. त्यांना ते पटलं नाही.

"चेडवाक काय बघूचा? ता खंय जातला? वारो बघूक व्हयो."

सई जागी झाली की टपाच्या आतून तिला बर्फ दिसे, थोडं आभाळ दिसे आणि बाकी सगळा मामंजींचा कोट.

तिथल्या बाया दुकानात शिरताना बाबागाड्या दारापाशी सोडून जात. एका सकाळी मी आतून बटाटे घेऊन बाहेर आले तो चार-पाच आया गाड्यांभोवती जमलेल्या. वारा वाढला होता. मामंजींनी खिशातली दोरी काढून ओळीनं सगळ्या गाड्या कठड्याला बांधून टाकल्या होत्या, बंदरात होड्या बांधतात तशा. बाळं गाढ झोपलेली. आयांना गाठ सुटत नव्हती, आणि मामंजी समुद्राकडे बघत उभे. मी शरमेनं अर्धी झाले.

"सोडा ना ती गाठ," मी म्हटलं.

"सुटाक नको म्हणान बांदलंय. सुटली तर तिका गाठ कोण म्हणतलो?"

शेवटी गुद्रूनचे वडील योन तिथे आले. म्हातारे, जन्मभर मासेमारी केलेले. त्यांनी गाठ पाहिली, मामंजींना पाहिलं, एक टोक ओढलं आणि सगळ्या गाड्या एकदम मोकळ्या झाल्या. दोघांनी एकमेकांना मान डोलावली. त्या दिवसापासून योन रोज मामंजींच्या शेजारी येऊन उभे राहू लागले. दोघांना समजेल अशी एकही भाषा नव्हती, आणि त्यांचं काही अडलंही नाही. आया मात्र हळूहळू आपापल्या गाड्या मामंजींच्या मागे आणून लावायला लागल्या.

परत आल्यावर विजयला नागपुरात नोकरी मिळाली. नागपुरात मामंजींना समुद्रावरचा वारा मिळेना. ते मालवणला गेले. आमचं जाणं मात्र कशा ना कशाला अडत राहिलं. अखेर मे महिन्यात गेलो तेव्हा सई चार वर्षांची झाली होती.

मामंजी स्टँडवर आले होते. धुवट सदरा, गुळगुळीत दाढी. एसटीतून आम्ही उतरलो तरी ते पुढे आले नाहीत, सईकडे बघत जागच्या जागी उभे राहिले. सईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या पदरामागे लपली. विजयनं मान खाली घातली.

"बरा आसा," मामंजी म्हणाले. "अनवळखी माणसाकडे जावचा न्हय." आणि आमची बॅग उचलून चालू लागले. मला रडू आवरेना. ते सगळे हिवाळे वाया गेले असं वाटलं.

दुपारी उकाड्यानं सईला झोप येईना. मी पंख्यानं वारा घालत होते. बाहेर खळ्यात, माडाच्या सावलीत, मामंजी नेहमीसारखे समुद्राकडे तोंड करून उभे होते. सई उठून दारात गेली. तिला त्यांची पाठ दिसली. ती बराच वेळ दारातच उभी राहिली. मग आत आली, आपली उशी उचलली, बाहेर गेली, त्यांच्या टाचांशी उशी टाकून आडवी झाली आणि झोपली.

मामंजींनी मागे वळून पाहिलं नाही. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "पाय दुखतत ना तुमचे? खुर्ची हाडू?"

"नको. वॉच आसा."

थोड्या वेळानं विजय चहाचा कप घेऊन बाहेर गेला. त्यांनी तो मान न वळवता घेतला. ऊन सरकलं तसे ते दोन पावलं सरकले, आपली सावली सईवर राहील असे. विजय कप न्यायला थांबला होता. कप रिकामा झाला तरी तो आत आला नाही. वडिलांच्या शेजारी, वाऱ्याकडे तोंड करून, सई उठेपर्यंत उभा राहिला.