नाक्यावरचा जॅकी

पूर्णा गावच्या केसरीनाथशेठनी भाताची जमीन गोदामवाल्यांना भाड्याने दिली, तेव्हापासून त्यांच्यामागे कामाचा मोठा व्याप लागला. सकाळी खुर्ची सावलीत न्यायची आणि ऊन आलं की पुन्हा सावलीत सरकवायची. सोबतीला जॅकी, काळा लॅब्रॅडोर. शेठच्या बायकोने, सीताबाईने, सुके बोंबील घालून घालून त्याचं पोतं केलं होतं.

यंदा जॅकीच्या वाढदिवसाला मानकोली नाक्यावर बॅनर लावायचं शेठनी ठरवलं. ज्याचा नाक्यावर बॅनर नाही तो जन्माला आलाच कशाला, असं त्यांचं साधं मत.

फोटो त्यांनी स्वतःच काढला. जॅकीच्या गळ्यात आपली सोन्याची चेन, डोळ्यांवर गॉगल, आणि उभ्याउभ्या वरून क्लिक. फोटोत भलंमोठं डोकं आलं, पाय आलेच नाहीत. चेन मात्र झकास आली. शेठनी दोष मोबाइलला दिला आणि नवा घेतला. त्यात तेच डोकं अधिक स्पष्ट आलं.

शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणालला बोलावलं. त्याला बघताच जॅकी असा भुंकत सुटला, की कुणाल फाटकाबाहेरच थांबला.

"काका, फोटो तुम्हीच काढा, मी इथून सांगतो. आधी तो गॉगल नि चेन काढा. आणि खाली व्हा."

"मी?"

"आडवेच व्हा. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला पाहिजे."

शेठ देवळातसुद्धा वाकत नसत. गुडघ्यांचं कारण देवाला पुरे होतं. आज मात्र कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत ते अंगणात पालथे झाले. मालक पडला असं वाटून जॅकी धावत आला आणि त्याने आधी शेठचं तोंड चाटलं, मग मोबाइल.

"अवो, तो असा न्हाय बसनार," म्हणत सीताबाईने शेठच्या डोक्यामागे बोंबील धरला.

जॅकी बसला, कान टवकारून. इतक्या जवळून शेठ त्याला पहिल्यांदाच बघत होते. तोंडाभोवती पांढरे केस आले होते.

"हा म्हातारा कवा झाला गो?"

"झाला तुमच्या समोरच," सीताबाई म्हणाली.

फोटो खरंच सुरेख आला. शुभेच्छुक म्हणून भावकीने आपापले फोटो आधीच पाठवले होते. त्या गर्दीत जॅकी टपालाच्या तिकिटाएवढा झाला असता. शेठनी सगळ्यांना वगळलं आणि स्वतःलाही वगळलं. यापेक्षा मोठा त्याग त्यांच्या हातून आजवर घडला नव्हता. बॅनरवाल्याने मजकूर विचारला, तर म्हणाले, "नाव टाक. बाकी लोकांना माहीत हाय."

लोकांना काय माहीत होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. नाक्यावर असा एकट्याचा, शांत, बिनगॉगलचा फोटो मेलेल्याचाच लागतो. सकाळपासून फोन सुरू झाले. दुपारी टेमघरहून व्याही रामनाथ पांढरे कपडे घालून आले आणि ओट्यावर मान खाली घालून बसले.

"लई गुणी होता हो. कधी कुनाला चावला न्हाय."

जॅकी आतून आला आणि त्याने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. रामनाथनी सवयीने ते खाजवलं आणि सुस्कारा सोडला. "आपल्या हातात काय असतं, शेठ?"

सीताबाई तोंडाला पदर लावून चहा ठेवायला गेली. शेठनी खुलासा करायला तोंड उघडलं होतं. पण जॅकीबद्दल एवढं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं, म्हणून ते ऐकत राहिले.